मीडियम डेप्थ केमिकल पील : चेहऱ्यावर नेमकं काय होतं, किती दिवस लागतात, कोणी करू नये

गोदाकाठ

'त्वचेची काळजी' धाग्यावर मी मीडियम डेप्थ पील करून घेतल्याचं ओझरतं लिहिलं होतं, तेव्हापासून निरोप येतच आहेत. कोणाचं लग्न ठरलंय, कोणाच्या गालावर मुरुमांचे खड्डे आहेत, आणि सर्वांत जास्त विचारपूस वांगाने त्रासलेल्या बायकांची आहे. प्रत्येकीला तुकड्यातुकड्यांत सांगण्यापेक्षा इथे एकत्र लिहिते. मी डॉक्टर नाही, शिक्षिका होते. नाशिकच्या इंदिरानगरपासून सिन्नरपर्यंत वर्षानुवर्षं स्कूटर चालवली. त्या उन्हाचे डाग, खरखरीतपणा आणि बारीक सुरकुत्या यांसाठी पील केलं. रंग गव्हाळ. इथे त्वचारोगतज्ज्ञ सभासद आहेत, चुकेल तिथे त्यांनी दुरुस्त करावं.

केमिकल पील म्हणजे चेहऱ्यावर आम्ल लावून वरची त्वचा सोलून काढणं. ते आम्ल किती खोल उतरतं यावर सगळं ठरतं. ग्लायकोलिक, लॅक्टिक, मँडेलिक, सॅलिसिलिक ही हलकी पील्स बाह्यत्वचेतच थांबतात. थोडे दिवस बारीक पापुद्रे निघतात, कामावर जाता येतं, आणि दर दोन ते चार आठवड्यांनी ती पुन्हा करतात. मीडियम पील बाह्यत्वचा ओलांडून खालच्या अंतस्त्वचेच्या वरच्या थरात जातं. त्यासाठी बहुतेक ठिकाणी ३५ टक्के ट्रायक्लोरोॲसेटिक ॲसिड, म्हणजे टीसीए, वापरतात. त्याआधी जेसनर द्रावण (काही सौम्य आम्लांचं मिश्रण) किंवा ७० टक्के ग्लायकोलिक लावून वरचा थर सैल करून घेतात, म्हणजे टीसीए सगळीकडे सारखं उतरतं. नुसतं ५० टक्के टीसीए लावायची पद्धत पूर्वी होती, पण व्रण राहण्याच्या धोक्यामुळे ती मागे पडली. त्याहून खोल जातं ते फिनॉल. ते रक्तात शोषलं गेलं तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात, म्हणून ईसीजी मॉनिटर लावूनच करतात. त्याबद्दल मी लिहीत नाही.

थोडक्यात, मीडियम पीलमध्ये डॉक्टर ठरवून चेहऱ्यावर एक मोजकी जखम करतात आणि ती भरून येताना नवी त्वचा मिळते. आठवडा-दहा दिवस चारचौघांत जाता येत नाही, आणि पुढचे निदान तीन महिने ऊन टाळणं हे रोजचं काम होऊन बसतं. ज्यांना हे जमणार नाही त्यांनी हलक्या पीलच्या वाटेने जावं, असं माझं स्पष्ट मत आहे. नाशिकमध्ये तर जास्तच. आपल्याकडची हवा छान म्हणून आपण ऊन मनावर घेत नाही.

फायदा कशात होतो? उन्हाचे डाग, राठपणा, डोळ्यांच्या कडेच्या बारीक रेषा, उथळ खड्डे. नाकापासून ओठांपर्यंतच्या घड्या, हसताना पडणाऱ्या रेषा, सैल पडलेली हनुवटीखालची कातडी यांना काही होत नाही. मूळ रंगही बदलत नाही. गोरं व्हायचं म्हणून कोणी निघालं असेल तर पैसे आणि चेहरा दोन्ही वाचवावेत.

पीलच्या आधीचे आठवडे मला सर्वांत महत्त्वाचे वाटले. माझ्या डॉक्टरांनी सुरुवातीला पील केलंच नाही. रोज सनस्क्रीन, रात्री ट्रेटिनॉइन आणि डागांवर हायड्रोक्विनोन, असं काही आठवडे चाललं. साधारणपणे दोन ते चार आठवडे ही तयारी असते. त्याने त्वचा सारखी होते, रंगपेशी थोड्या शांत होतात, आणि रुग्ण नेमाने सांगितलेलं करतो की नाही हेही डॉक्टरांना कळतं. कानापुढे छोट्या जागेवर आधी करून पाहिलं. पूर्वी ओठांवर जर, म्हणजे हर्पिसचे पाणीदार फोड, उठायची का, हे खोदून विचारलं. जराचा विषाणू अंगात झोपलेला असतो, पीलनंतर तो संपूर्ण चेहऱ्यावर उसळू शकतो आणि व्रण ठेवून जातो. त्यासाठी व्हॅलासायक्लोव्हिरच्या गोळ्या आधीपासून सुरू करून त्वचा भरून येईपर्यंत देतात. व्हॅक्सिंग, थ्रेडिंग, ब्लीच आदल्या आठवड्यापासून बंद.

प्रत्यक्ष पील. चेहरा ॲसिटोनने पुसून तेलकटपणा काढतात. मग आम्ल. टीसीए लागलं की आग होते, खरी आग, डोळ्यांत पाणी येईल इतकी. समोर पंखा धरतात, गार पट्ट्या ठेवतात. काही मिनिटांत त्वचा पांढरी पडते, त्याला फ्रॉस्ट म्हणतात, आणि तो पूर्ण आला की आग ओसरू लागते. आरसा मागितला तर घाबरायला होईल, कारण चेहरा चुना लावल्यासारखा दिसतो. ते अपेक्षितच असतं. थोड्या वेळाने पांढरेपणा जाऊन लाली येते.

मग घरी. पहिले दोन दिवस सूज, पापण्यांवर सर्वांत जास्त, सकाळी डोळे जेमतेम उघडतात. दोन उशा घेऊन उताणं झोपायचं. त्वचा ताणल्यासारखी, मग तपकिरी, काही ठिकाणी काळपट. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून तोंडाभोवती फाटायला लागते, कारण बोलताना-खाताना तिथली हालचाल थांबत नाही. तिथून ती गालांकडे आणि शेवटी कपाळ-कानशिलांकडे सरकते. सात ते दहा दिवसांत खालची गुलाबी त्वचा उघडी होते. या काळात सलाईनच्या ओल्या घड्या, त्यावर साधं पेट्रोलियम जेली आणि डॉक्टरांनी दिलेलं मलम, दिवसातून बऱ्याच वेळा. लोंबणारं सालपट ओढायचं नाही. ते अर्धं चिकटलेलं असताना ओढलं की खालची कच्ची त्वचा उघडी पडते आणि नेमका तिथेच डाग राहतो. फारच लोंबत असेल तर स्वच्छ कात्रीने टोक कापावं.

लाली पुढे दोन ते चार आठवडे टिकते. खरा फरक त्यानंतर हळूहळू दिसतो, कारण खाली कोलॅजन तयार व्हायला काही महिने लागतात. माझे डाग फिकट झाले, गेले नाहीत. गालांचा पोत मात्र इतका बदलला की क्रीम लावताना बोटांना कळतं. मी समाधानी आहे.

द्राक्षवेल

ताई, तुम्ही वेळ काढून लिहिलंत, खूप आभार. मी दिंडोरीकडची. दोन्ही गालांवर वांग आहे, दुसऱ्या बाळंतपणापासून. बाग आमची स्वतःची, ऑक्टोबरच्या छाटणीपासून माल निघेपर्यंत मी बागेतच असते, मग एप्रिलची खरड छाटणी. एका ठिकाणी सांगितलं की मीडियम पील करा, एकाच वेळी सगळं निघून जाईल. खरंच जातं का?

गोदाकाठ

द्राक्षवेल, मी यावर मत देणार नाही. माझे डाग उन्हाचे होते, वांग ही वेगळी गोष्ट आहे. @त्वचावैद्य, जरा बघाल का?

त्वचावैद्य

गंगापूर रोडला प्रॅक्टिस करतो. गोदाकाठ ताईंनी लिहिलेलं बरोबर आहे, एक-दोन भर नंतर घालतो. आधी द्राक्षवेल यांना.

एका पीलमध्ये वांग जाईल असं कोणी सांगितलं असेल तर ते आश्वासन चुकीचं आहे. वांगात रंगपेशी आधीच चिथावलेल्या असतात. हार्मोन्स, ऊन, उष्णता आणि घराण्यातला कल, यांपैकी काहीच पीलने बदलत नाही. उलट आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेत खोल जखम झाली की रंगपेशी जास्त रंग ओततात. त्याला आम्ही दाहानंतरचा काळेपणा म्हणतो. तो पीलनंतर साधारण तिसऱ्या ते आठव्या आठवड्यात येतो, म्हणजे रुग्ण खूश होऊन घरी गेल्यावर. त्वचेचे, गोऱ्यापासून काळ्यापर्यंत, सहा प्रकार मानतात, ही वर्गवारी फिट्झपॅट्रिक यांची. आपल्या भागातले बहुतेक जण चौथ्या-पाचव्या प्रकारात बसतात, आणि हा धोका तिथे सर्वांत जास्त असतो.

वांगासाठी मी आधी सनस्क्रीन आणि लावायची औषधं, मग गरज असेल तर ट्रानेक्सॅमिक ॲसिडच्या गोळ्या. त्या देण्याआधी रक्ताच्या गुठळ्या कधी झाल्या होत्या का, गर्भनिरोधक गोळ्या चालू आहेत का, हे विचारावंच लागतं. तुम्ही घेत असाल तर सांगा, कारण त्या गोळ्यांनी वांग वाढतोही. त्यानंतर मग हलक्या पील्सची मालिका. मीडियम पील वांगासाठी मी अगदी क्वचित, आणि बागेत काम करणाऱ्या व्यक्तीला तर करतच नाही.

द्राक्षवेल

डॉक्टर, इतकं स्पष्ट कोणीच सांगितलं नव्हतं. मग हलकं पील तरी कधी करावं? सगळे म्हणतात थंडीत. आमची थंडी तर बागेतच जाते.

त्वचावैद्य

थंडीत करा हा सल्ला ऑफिसात बसणाऱ्यांसाठी ठीक आहे. नोव्हेंबर ते जानेवारी आपल्याकडे आभाळ स्वच्छ असतं, निफाडला पारा उतरतो पण ऊन भरपूर असतं, आणि गारव्यामुळे ते टोचत नाही म्हणून लोक उन्हात जास्त वेळ उभे राहतात. द्राक्षवाल्यांसाठी जून-जुलै ते सप्टेंबर बरा. बागेत तुलनेने काम कमी, ढग. अतिनील किरणं ढगांतूनही येतात, तेव्हा सनस्क्रीन सुटत नाही.

अंबड_लिंक_रोड

वय २४. गालांवर मुरुमांचे खड्डे. अंबड एमआयडीसीत कामाला, फर्नेसजवळ शिफ्ट असते. सध्या आयसोट्रेटिनॉइनची गोळी चालू आहे, मुरूम जवळपास थांबलेत. मीडियम पीलने खड्डे भरतात का? सुट्टी जास्तीत जास्त आठवडाभर मिळेल.

त्वचावैद्य

गोळी चालू असताना मीडियम पील नको. परंपरेने गोळी बंद झाल्यावर सहा महिने थांबायचं असं शिकवलं जातं. हलक्या पीलबाबत हा नियम अलीकडे बराच सैल झालाय, पण मीडियम आणि खोल पीलसाठी मी तरी थांबतो. आधी गोळीचा कोर्स पूर्ण करा. मुरूम येत असताना खड्ड्यांवर खर्च करण्यात अर्थ नाही, नवे होतच राहतात.

खड्डे कोणत्या जातीचे आहेत तेही पाहावं लागेल. टाचणीने टोचल्यासारखे अरुंद आणि खोल असतील तर संपूर्ण चेहऱ्याचं पील तिथे पोहोचतच नाही. त्यासाठी प्रत्येक खड्ड्यात अणकुचीदार काडीने तीव्र टीसीए ठेवण्याची क्रॉस नावाची पद्धत आहे. ६५ ते १०० टक्के टीसीए असतं, म्हणून थेंबभरही बाजूला सांडून चालत नाही. लाटांसारखे रुंद, उथळ खड्डे असतील तर खालून तंतू त्वचेला ओढून धरत असतात, ते सुईने सोडवावे लागतात. कडा तीव्र नसलेल्या उथळ खड्ड्यांना मीडियम पीलचा उपयोग होतो. बहुतेकांना मिश्र असतात, म्हणून उपचारही मिश्र.

फर्नेसची आच ही अडचण आहेच. नुसत्या उष्णतेनेही नव्या त्वचेत काळेपणा येऊ शकतो. आठवड्याच्या सुट्टीत मीडियम पील बसवू नका.

अंबड_लिंक_रोड

समजलं डॉक्टर. कोर्स संपवतो आधी.

पैठणीवाली

तुळशीच्या लग्नानंतर माझं लग्न आहे, येवल्याला. अजून दोन महिने आहेत. एका क्लिनिकने 'ब्रायडल पॅकेज'मध्ये मीडियम पील दिलंय. कपाळावर आणि हनुवटीवर थोडे डाग आहेत. करू का?

गोदाकाठ

बाळा, नको. आधीची तयारी, मग दहा दिवस घरात, मग महिनाभर लाली, हे सगळं दोन महिन्यांत कसंबसं कोंबता येईल असं कागदावर दिसतं. पण डॉक्टरांनी वर लिहिलंय की काळेपणा तिसऱ्या ते आठव्या आठवड्यात येतो. म्हणजे नेमका तुझ्या हळदीच्या सुमारास. शिवाय हळद, उटणं, दिवसभराचा मेकअप, तो काढायला घासाघीस, हे सगळं नव्या त्वचेला सोसायला लागेल. लग्नानंतर संक्रांत आहेच, आणि येवल्याची संक्रांत म्हणजे तीन दिवस गच्चीवर पतंग. पुढच्या वर्षी सावकाश विचार कर.

त्वचावैद्य

पूर्ण सहमत. पैठणीवाली, इतक्या कमी वेळात सनस्क्रीन आणि डागांचं औषध नेमाने लावलंत तरी फरक दिसेल. हलकं पील करायचंच असेल तर शेवटचं लग्नाच्या तीन आठवडे आधी संपवा, आणि आयुष्यातलं पहिलं पील लग्नाच्या महिन्यात कधीच नको. पॅकेजमध्ये आहे म्हणून उपचार घ्यायचा नसतो. त्याऐवजी दुसरं काही द्या म्हणून सांगा.

काजळरेघ

मी लिहावं की नाही विचार करत होते. मागच्या उन्हाळ्यात एका ठिकाणी पील केलं. कोणतं आम्ल, किती टक्के, काहीच सांगितलं नाही. 'इम्पोर्टेड आहे' एवढंच. करणाऱ्या बाई डॉक्टर नव्हत्या. जबड्याच्या कडेला आणि गालाच्या हाडावर खूप आग झाली, सांगितलं तरी पुसलं नाही. नंतर तिथेच काळे पट्टे आले, अजून आहेत. परत गेले तर म्हणाले की दुसरं पील केलं की निघेल. मी घाबरून नाही केलं. हे कायमचं आहे का?

गोदाकाठ

काजळरेघ, तू लिहिलंस ते फार बरं केलंस. यात तुझं काहीच चुकलेलं नाही. आग होतेय हे सांगितल्यावर थांबायला हवं होतं.

त्वचावैद्य

दुसरं पील केलं नाहीत हे योग्यच. काळे पट्टे सपाट असतील, हाताला जाड लागत नसतील, तर ते बहुधा दाहानंतरचा काळेपणा आहे आणि तो सहसा कायमचा नसतो. काही महिन्यांत, कधी वर्षभरात फिकट होतो. औषधाने लवकर. त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा. तोपर्यंत सनस्क्रीन आणि साधं मॉइश्चरायझर, बाकी काही नाही. पट्टे उचललेले, कडक किंवा खाज सुटणारे असतील तर थांबू नका, व्रण तयार होण्याची ती सुरुवात असू शकते आणि लवकर उपचार केले तर दबते.

तुम्ही सांगितलेल्या जागाही मुद्द्याच्या आहेत. गालाचं हाड, जबड्याची कड इथे हाड वर असतं आणि व्रणाची शक्यता जास्त, म्हणून तिथे आम्ही हात राखून लावतो. पापण्यांवरही तसंच. मान तर मीडियम पीलपासून दूरच ठेवतो. चेहऱ्यावर केसांची मुळं आणि तेलग्रंथी दाट असतात, नवी त्वचा तिथूनच उगवते. मानेवर त्या विरळ, म्हणून मान भरून यायला वेळ लागतो.

आता टक्केवारीबद्दल, कारण लोक '३५ टक्के' एवढंच धरून बसतात. ३५ ग्रॅम टीसीएचे स्फटिक घेऊन पाणी घालत एकूण १०० मिलि केलं तर ते खरं ३५ टक्के. तेच १०० मिलि पाण्यात ३५ ग्रॅम टाकलं तर तीव्रता वेगळी येते. दुसरं म्हणजे किती थर लावले, चोळून लावले की नुसते फिरवले, आधी ॲसिटोन किती वापरलं, यानेही खोली बदलते. त्यामुळे आकड्यापेक्षा फ्रॉस्टवर नजर ठेवावी लागते. ठिपक्यांसारखा विरळ पांढरेपणा म्हणजे हलकं. सलग पांढरा पण मागून लाली डोकावते, ते मध्यम, आणि आपल्या त्वचेत मी तिथेच थांबतो. लाली पूर्ण नाहीशी होऊन घट्ट पांढरं झालं की आम्ल आणखी खोल गेलं.

आणखी एक महत्त्वाचं. ग्लायकोलिकला बेकिंग सोड्याच्या द्रावणाने थांबवता येतं. टीसीएला तसं थांबवता येत नाही. ते त्वचेतली प्रथिनं गोठवतं आणि त्यातच संपतं. एकदा फ्रॉस्ट आला की गार पाण्याने फक्त आग कमी होते, खोली कमी होत नाही. त्यामुळे लावणारा हात कोणाचा आहे यावर सगळं अवलंबून असतं.

निफाडचा_गारठा

ऑनलाइन ३० टक्के, ५० टक्के टीसीएच्या बाटल्या मिळतात. व्हिडिओ बघून घरी करणारे दोघं माझ्या ओळखीत आहेत. त्यांना काय सांगू?

त्वचावैद्य

बाटली कडीकुलपात ठेवायला सांगा, आणि शक्य असेल तर लावूच देऊ नका. अमेरिकेच्या एफडीएनेदेखील २०२४ मध्ये घरी वापरायच्या अशा तीव्र पील्सविरुद्ध लोकांना सावध केलं होतं, आणि त्यात टीसीएचं नाव होतं. डोळ्यात थेंब गेला तर बुबुळ भाजतं. तसं झालं तर भरपूर स्वच्छ पाण्याने डोळा धूत राहायचं आणि तसंच दवाखाना गाठायचा.

सुगरण_मावशी

एवढी आग करून घेण्यापेक्षा साय-हळद, लिंबू, मसूर डाळीचं पीठ हे आपलं जुनं काय वाईट होतं? माझ्या आईचा चेहरा सत्तरीतही नितळ होता.

गोदाकाठ

मावशी, साय आणि मसुराचं पीठ मीही लावत आले आहे, आणि ज्यांच्या त्वचेला मानवतं त्यांनी जरूर लावावं. लिंबाचं मात्र जपून. लिंबाचा रस लागलेली त्वचा उन्हात गेली की भाजल्यासारखे चट्टे उठतात आणि मागे काळे डाग राहतात. पीलनंतरच्या कच्च्या त्वचेवर तर यातलं काहीच लावायचं नाही, हळदसुद्धा नाही.

सुगरण_मावशी

लिंबाचं माहीत नव्हतं. बरं, पथ्य काय? आमच्याकडे जखम असली की वांगं, आंबट, भात बंद.

त्वचावैद्य

काही बंद नाही. उलट डाळी, अंडी, दूध, पनीर व्यवस्थित खावं, जखम भरायला प्रथिनं लागतात. पहिले दिवस तोंड फार उघडावं लागणार नाही असं मऊ खावं, एवढंच. विडी-सिगारेट, तंबाखू मात्र खरोखर बंद. त्याने त्वचेचा रक्तपुरवठा कमी होतो आणि जखम रेंगाळते.

जुनं_नाशिक

आमच्या घरातल्या सुनेने विचारलंय. रंगपंचमीला रहाडीत, म्हणजे आमच्याकडच्या रंगाच्या हौदात, उतरणं चुकवायचं नाही म्हणते. पील आधी करावं की नंतर?

त्वचावैद्य

नंतर, पण लगेच नव्हे. रहाडीचा रंग फुलापानांचा असला तरी सगळं गाव त्यात उड्या मारतं, पाण्यात जंतू असतात, आणि चेहऱ्यावर रंग रगडला जातो. पीलआधी महिनाभर आणि पीलनंतर तीन महिने हे नको. रंगपंचमी झाली की उन्हाळा. सूनबाईंना पावसाळ्यात आणा. दुचाकी चालवतात का? पहिले दोन आठवडे हेल्मेटची कड आणि पट्टा हनुवटीवर घासतो. हेल्मेट काढायला मी सांगणार नाही, दुचाकी ठेवून रिक्षाने फिरा म्हणेन.

काजळरेघ

डॉक्टर, डागांसाठी मेडिकलवाल्याने एक ट्यूब दिली होती, ती लावली की उजळ दिसतं आणि बंद केली की लाल होतं. चालू ठेवू का?

त्वचावैद्य

ट्यूबवर क्लोबेटासॉल, बेटामेथासोन किंवा मोमेटासोन लिहिलंय का बघा. असेल तर ते स्टिरॉइड आहे. आपल्याकडे हा इतका मोठा प्रश्न आहे की त्वचारोगतज्ज्ञांची संघटना आयएडीव्हीएल वर्षानुवर्षं त्याविरुद्ध मोहीम चालवते आहे, आणि २०१८ मध्ये केंद्राने अशी बरीच मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला. त्या मलमाने त्वचा पातळ होते, बारीक शिरा दिसू लागतात, चेहऱ्यावर केस येतात. अशा त्वचेवर पील कधीच नाही, आधी ती सावरावी लागते. एकदम बंद केल्याने भडका उडतो, म्हणून डॉक्टरांना दाखवून कमी करा. आणि यापुढे कोणी पीलआधी 'कोणती क्रीम लावता' हे विचारलं नाही, तर तिथून उठून या.

पैठणीवाली

चांगला डॉक्टर ओळखायचा कसा? कॉलेज रोडवर एकेका इमारतीत तीन-तीन क्लिनिकं आहेत.

गोदाकाठ

मी जे विचारलं होतं ते सांगते. पील तुम्ही स्वतः करणार की सहायक? आम्ल कोणतं, किती टक्के, ते केसपेपरवर लिहून द्याल का? माझ्यासारख्या रंगाच्या रुग्णांचे आधीचे आणि तीन महिन्यांनंतरचे फोटो आहेत का? लगेचचे फोटो नकोत. रात्री काही झालं तर फोन कोण उचलेल? पदवी एमडी किंवा त्वचारोगातला डिप्लोमा आहे का ते पाटीवर बघायचं, नोंदणी क्रमांक महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या वेबसाइटवर तपासता येतो. खर्च विचारताना आधीच्या क्रीम, गोळ्या, नंतरच्या भेटी धरून विचारायचं, नुसत्या पीलचा नाही. आणि हे सौंदर्योपचारात मोडतं, त्यामुळे आरोग्य विमा साधारणपणे देत नाही.

खासगी परवडत नसेल तर आडगावच्या मविप्र (मराठा विद्या प्रसारक) संस्थेच्या मेडिकल कॉलेजात त्वचाविभागाची ओपीडी आहे. निदान वांग आहे की आणखी काही, हे तरी तिथे नीट कळेल.

त्वचावैद्य

कोणी करूच नये, तेही एकदा लिहून ठेवतो. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या. कानाला भोक पाडलं तरी गाठ वाढते असे. चेहऱ्यावर सध्या मुरूम पिकलेले किंवा जर उठलेली. नुकतीच चेहऱ्याची शस्त्रक्रिया झालेले, तिथे किरणोपचार घेतलेले. उन्हात राबणं टळणारच नाही असे.

पीलनंतर लगेच फोन करायचा तो यासाठी : दुखणं कमी होत असताना पुन्हा वाढलं, पिवळी खपली किंवा पू आला, बारीक गोल खळगे पडल्यासारखे फोड आले, ताप आला, किंवा एखादी जागा तीन आठवड्यांनंतरही लालभडक आणि कडक राहिली. सकाळपर्यंत बघू म्हणू नका.

द्राक्षवेल

पुढच्या आठवड्यात आडगावला जाऊन येते. पील सध्या नाहीच. शेवटचं एक विचारते डॉक्टर. बागेत आम्ही सनकोट घालतो, तोंडाला स्कार्फ घट्ट बांधतो, फक्त डोळे उघडे. तरी वांग वाढतो. मग सनस्क्रीनची खरंच गरज आहे का? घामाने ते वाहून जातं.

त्वचावैद्य

गरज आहे. पातळ कापडातून किरणं आत जातात. स्कार्फ उजेडासमोर धरून बघा, पलीकडचं दिसत असेल तर तो पुरेसा नाही. दाट विणीचा, गडद रंगाचा सुती घ्या, पण नाका-गालावर घट्ट आवळू नका, घर्षण आणि कोंडलेली उष्णता दोन्हींनी वांग चिघळतो. स्कार्फवर रुंद काठाची टोपी घाला.

सनस्क्रीन किमान एसपीएफ ३० चं, आणि वांगासाठी रंग असलेलं, ज्यात आयर्न ऑक्साइड असतं. वांग दिसणाऱ्या प्रकाशानेही वाढतो आणि साधं पांढरं सनस्क्रीन तो फारसा अडवत नाही. दोन बोटांवर लांबीने घ्याल तेवढं चेहऱ्याला आणि मानेला लागतं, बहुतेक जण त्याच्या निम्मंही लावत नाहीत. बागेत जायच्या वीस मिनिटं आधी एकदा, मग दर दोन-अडीच तासांनी ओल्या फडक्याने घाम टिपून पुन्हा. फवारणीच्या दिवशी हात साबणाने धुतल्याशिवाय चेहऱ्याला लावू नका. दुपारी अकरा ते तीन शक्य तेवढी कामं मांडवाच्या सावलीत घ्या.

द्राक्षवेल

रंगाचं सनस्क्रीन पिंपळगावच्या मेडिकलमध्ये मिळतंय का बघते. आडगावला काय सांगितलं ते इथेच लिहीन.